फ्लटर येत नाही, पण मिलचं काम हवंय

पोरी, आदिलाबादच्या त्या जिनिंगवाल्यांना फ्लटरमध्ये अॅप हवंय आणि तुझं आजवरचं सगळं काम जावात झालंय, एवढ्यावरून माघार घेऊ नकोस. फॉक्सप्रोमध्ये अडत्यांचे हिशेब बसवण्यात माझी उमेदीची वर्षं गेली, त्या हक्काने सांगतो.

अनुभवाची जी वर्षं मागितली जातात, त्यांना पहिल्यांदा ओळखून घे. २०२० साली एका कंपनीने फास्टएपीआयचा चार वर्षांचा अनुभव मागितला. ते ज्याने बनवलं त्या सेबास्तियन रामिरेझनेच जाहीर सांगितलं की ही नोकरी मलाही मिळणार नाही, कारण ते बनवून दीडच वर्ष झालंय. मागणारा बहुतेक वेळा आपली धास्ती आकड्यात मांडत असतो. मिलवाल्याची धास्ती सरळ आहे: पैसे अडकतील, आणि ऐन हंगामात अॅप बंद पडलं तर गेटवर गाड्यांची रांग लागेल. तुला उत्तर द्यायचंय ते त्या धास्तीला.

खोटं मात्र बोलायचं नाही. तीन वर्षं फ्लटर केलंय म्हणालीस, तर पहिल्याच अडचणीला तुझ्याकडून तीन वर्षांच्या सफाईची अपेक्षा होईल आणि मदत मागायचीही चोरी होईल. आदिलाबाद केवढंसं, एका मिलमधली गोष्ट संध्याकाळपर्यंत मार्केट यार्डात पोचते. तू असं म्हण: "फ्लटरमध्ये मी अजून कुणाला काम करून दिलेलं नाही. जावातलं माझं काम हे असं आहे. आणि तुमच्या काट्याची पावती मी फ्लटरमध्ये करून आणलीय, ही बघा." यातलं तिसरं वाक्य खरं करण्यासाठीच आधीचे दिवस घालव.

आधी न हाताळलेल्या गोष्टीवर काम घेणं, हे आजचं नाही. १९७४ साली टीसीएसला बरोज कंपनीचं काम मिळालं. हॉस्पिटलची एक प्रणाली बरोजच्या एका जातीच्या यंत्रावरच्या कोबोलमधून दुसऱ्या जातीच्या यंत्रावरच्या कोबोलमध्ये न्यायची होती. मुंबईत त्या पोरांच्या हाताशी होतं ते आयसीएल १९०३, वेगळ्याच कंपनीचं यंत्र. त्यावरच त्यांनी ते काम केलं, आणि परदेशासाठी सॉफ्टवेअर लिहिण्याच्या आपल्या धंद्याची सुरुवात त्यातून झाली. यंत्र परकं होतं, पण कोबोल हातचं होतं. तुझंही तसंच आहे. डार्ट भाषा जावावाल्याला परकी वाटत नाही. क्लास, टाइप ओळखीचेच. नवीन आहे ते विजेट एकात एक कसे बसतात आणि स्टेट कुठे ठेवायची, एवढं. डार्टपॅड ब्राउझरमध्ये चालतं, तिथे हात बसव. मूळ डॉक्युमेंटेशन वाच. व्हिडिओ बघून कळल्यासारखं वाटतं, लिहायला बसलं की हात अडतो.

आता नमुना. लॉगिनचं पान आणि रंगीत डॅशबोर्ड करून नेऊ नकोस, तसलं सगळेच नेतात. ओलाव्याची कपात करून ने. सीसीआय, म्हणजे भारतीय कापूस महामंडळाच्या, खरेदीत ८ टक्क्यांपर्यंत पूर्ण हमीभाव, त्यापुढे १२ टक्क्यांपर्यंत दर टक्क्याला एक टक्का कपात, १२ च्या वर माल परत. २०२५-२६ चा लांब धाग्याचा हमीभाव क्विंटलला ८,११० रुपये. म्हणजे १० टक्के ओलावा निघाला तर १६२ रुपये २० पैसे कापून ७,९४७ रुपये ८० पैसे. हे कोणीही लिहील. पण बरोबर ८ ला काय, बरोबर १२ ला काय, १२.१ ला पावती निघता कामा नये, हे तपासून ठेव. आणि ८.४ ला? अर्ध्या टक्क्याखालचा भाग सोडायचा की तेवढ्याचीही कपात करायची? पैसे पूर्ण रुपयात करायचे ते दर क्विंटलला की शेवटच्या पट्टीवर? याचं उत्तर तू ठरवू नकोस, मिलच्या मुनीमजींना विचार. हा प्रश्न ऐकला की त्यांना कळतं, या मुलीला आपला हिशेब समजतो. मग फ्लटर किती वर्षं, हे ते विचारायचे नाहीत.

काट्यावर जाऊन उभी राहा, हे तर करच. वजनाचा आकडा दाखवणाऱ्या डब्यातून बहुधा सिरियल पोर्टने वजन बाहेर येतं. ते मोबाइलला सहज मिळत नाही. तिथे कॉम्प्युटर आहे का, की माणूस आकडा वाचून टाइप करणार? टाइप करणार असेल तर चूक कुणाची, हा वाद पहिल्याच आठवड्यात होणार, म्हणून काट्याच्या डब्याचा फोटो पावतीला जोडायची सोय आधीच सुचव. गावात शेतकऱ्याच्या घरी नोंद घ्यायची असेल तर बेला, भीमपूरकडच्या खेड्यांत रेंज धरून चालू नकोस. नोंद फोनमध्येच साठली पाहिजे आणि रेंज आल्यावर वर गेली पाहिजे. दोन फोनवरून एकच गाडी नोंदली गेली तर काय, हेही तिथेच ठरव.

नावांचं आपल्या जिल्ह्यात विशेष आहे. जैनथ-बेल्याचा शेतकरी बोलतो मराठी, जमिनीच्या पासबुकात नाव तेलुगूत, आणि बँकेत इंग्रजी स्पेलिंग तिसरंच. नावावर शोध ठेवलास तर एकाच माणसाची तीन खाती होतील. पासबुकाचा नंबर धर. हैदराबादचा फ्लटर कोळून प्यायलेला माणूस इथे फसेल, आणि हेच तुझं भांडवल आहे. आपल्याच नारनूर मंडलातल्या गुंजाला गावच्या हस्तलिखितांतली गोंडी लिपी २०१८ मध्ये युनिकोडमध्ये आली, पण तिचा फॉन्ट पहिल्यांदा बनवताना तसा अनुभव जगात कुणाकडे असणार होता? ज्यांनी तो बनवला, त्यांना ती अक्षरं आधी समजून घ्यावी लागली.

पैशाचं आता. फुकट करून देते म्हणू नकोस. फुकटच्या कामाला मिलमध्ये कोणी वेळ देत नाही. भाव उतरवण्यापेक्षा कामाचा तुकडा लहान कर: आधी फक्त आवक आणि ओलाव्याची पावती, तेवढ्याचे अर्धे पैसे आगाऊ, ती चालली तर पुढचं. शिकायला लागलेले तास बिलात धरायचे नाहीत, ते तुझे. फ्लटर मुरलेला एखादा माणूस तासावर बांध, तुझा कोड त्याच्या नजरेखालून जाऊ दे. त्याचा खर्च अंदाजपत्रकात उघड लिही आणि का ते सांग. कोड पहिल्या दिवसापासून मिलच्या नावच्या खात्यात ठेव, म्हणजे तू उद्या आजारी पडलीस तरी त्यांचं अडणार नाही, हे त्यांना दिसेल. काय करणार हे लिहितेस तसं काय करणार नाही हेही लिही. नाहीतर सरकीचा हिशेब, हमाली, गाठींचा साठा, सगळं "तेवढं टाकून दे" म्हणत आत येतं.

तारीख हंगामाकडे बघून दे. दसऱ्यानंतर आवक वाढू लागते, तेव्हा मिलमध्ये कुणाला मान वर करायला फुरसत नसते. त्याआधी काट्यावरच्या पोराच्या हातात फोन देऊन जुन्या पावत्या त्याच्याकडूनच भरून घे. तो कुठे अडखळतो ते लिहून ठेव, त्याला काही समजावू नकोस. आणि २०२५ पासून सीसीआयला कापूस द्यायचा तर कपास किसान अॅपवर वेळ घ्यावी लागते. शेतकरी ती वेळ फोनवर गेटवर कशी दाखवतात, तेही एकदा पाहून ये.

फोन करशील तेव्हा मालकाला नको, आधी मुनीमजींना कर. दुपारी तीननंतर.