शब्द समजून घेऊ या : निवास आणि अधिवास



समजा, नांदेडची १७ वर्षांची मुलगी बारावीसाठी लातूरच्या वसतिगृहात राहते. फॉर्मवर ‘अधिवास’ या शब्दापुढे काय लिहावे? आपण पुष्कळदा इथेच चुकतो.

निवास म्हणजे आज राहतो ती जागा. अधिवास म्हणजे कायम राहण्याच्या इराद्याने धरलेले ठिकाण. तहसीलमधून मिळणारे अधिवास प्रमाणपत्र महाराष्ट्र राज्याचे असते. नांदेडहून लातूरला गेल्याने ते बदलत नाही.

ख्रिस्तसभेच्या १९८३ च्या कायद्यातही अधिवास आहे (कॅनन १०२). धर्मग्रामात कायम राहण्याचा इरादा असला किंवा तेथे ५ वर्षे पूर्ण झाली, की अधिवास मिळतो. ३ महिन्यांच्या वास्तव्याने उपअधिवास मिळतो. अज्ञान मुलांचा अधिवास आईवडिलांचाच असतो (कॅनन १०५).

म्हणजे या मुलीचा अधिवास नांदेडला, उपअधिवास लातूरला. आणि दोन्हीकडचे प्रमुख धर्मगुरू तिचेच (कॅनन १०७). पुढे विवाह कोणत्या चर्चमध्ये लावायचा, हेही यावरून पाहतात (कॅनन १११५).

म्हणून मुले परगावी गेली, की तेथील फादरांना त्यांचे नाव जरूर कळवू या. आजारपणात, अडचणीत तेथेही त्यांना आपले माणूस मिळेल.