बातमी आईला जाहिरातीने दिली

गुरुवारी सकाळी आई नेहमीप्रमाणे लॅपटॉपवर ई-पेपर उघडून बसली होती. मी ओट्याशी चहा गाळत होते. तिने हाक मारली, "अगं, हे बघ. दोन दिवस झाले, हे असलंच येतंय. आपल्याला कशाला दाखवतायत गं?" बातमीच्या उजवीकडे गुलाबी फीत, एका हसऱ्या बाईचा फोटो आणि ठळक अक्षरांत मजकूर होता: स्तनाच्या कर्करोगावर केमोथेरपीचे पॅकेज, सुलभ हप्त्यांत. पान खाली सरकवले तर तीच जाहिरात पुन्हा.

आईच्या गाठीचा बायोप्सी रिपोर्ट सोमवारी आला होता. डॉक्टरांनी तो मला आणि भावाला सांगितला होता. भाऊ रविवारी बंगळुरूहून येणार, मग दोघांनी शेजारी बसून तिला सांगायचे, असे ठरले होते. तोवर 'रिपोर्ट अजून यायचाय' एवढेच तिला माहीत होते. तिने जाहिरातीवरून नजर काढून माझ्याकडे पाहिले आणि मी काही बोलण्याआधीच तिला कळले. चहा तसाच राहिला.

सोमवारी रात्री ती झोपल्यावर त्याच लॅपटॉपवर, त्याच ब्राउझरमध्ये मी एका हॉस्पिटलची वेबसाइट उघडली होती. खर्च किती येतो, केमोच्या सायकल किती लागतात, हे पाहायचे होते. अर्धे पान झाकणारी पट्टी आली: 'आम्ही कुकीज वापरतो.' खाली मोठे निळे बटण होते, 'सर्व स्वीकारा'. ते दाबले. पुढच्या तासाभरात आणखी तीन-चार साइटवर तेच केले. उठताना हिस्ट्रीतल्या नोंदी मात्र आठवणीने एकेक करून पुसल्या. हिस्ट्री पुसली की मागमूस राहत नाही, अशी माझी समजूत होती. ती चुकीची निघाली. ही समजूत घरोघरी आहे, म्हणून हे लिहीत आहे. हिस्ट्रीतली नोंद पुसल्याने कुकी पुसली जात नाही. ती वेगळी पुसावी लागते.

कुकी म्हणजे काय, हे देवळाबाहेरच्या चप्पल स्टँडवरून चांगले समजते. चपला ठेवल्या की स्टँडवाला हातात नंबराचा बिल्ला देतो. त्याला आपले नाव-गाव ठाऊक नसते. दर्शन घेऊन आल्यावर बिल्ला दाखवला की त्या नंबरच्या चपला तो पुढे करतो. वेबचे मूळ तंत्रही असेच विसराळू आहे. एक पान पाठवले की ते कोणी मागितले होते, हे सर्व्हरच्या लक्षात राहत नाही. म्हणून पहिल्याच भेटीत सर्व्हर ब्राउझरच्या हाती एक चिठ्ठी देतो, फार तर चार किलोबाइटची. तिच्यावर बहुधा एक लांबलचक क्रमांक असतो. ब्राउझर ती जपून ठेवतो आणि त्या साइटकडे पुन्हा काहीही मागताना सोबत जोडतो. कुकी हा व्हायरस नव्हे. ती आपल्या फायली वाचत नाही. ईमेलचे लॉगिन टिकते, खरेदीच्या यादीतल्या वस्तू जागच्या जागी राहतात, ते तिच्यामुळेच.

नेटस्केप कंपनीतले अभियंते लू मोंटुली यांनी जून १९९४ मध्ये ही युक्ती काढली, तीही खरेदीची यादी लक्षात ठेवण्याच्या गरजेतून. प्रत्येक ब्राउझरला एकच कायमचा क्रमांक देण्याचा सोपा मार्ग त्यांच्यापुढे होता. तो त्यांनी मुद्दाम टाळला, कारण त्या क्रमांकावरून माणसाचा माग सगळ्या साइटवर काढता आला असता. ज्या साइटने कुकी दिली तिलाच ती परत मिळावी, ही त्यांची आखणी होती.

जाहिरात कंपन्यांनी त्यातूनही वाट काढली. पंचक्रोशीतल्या सगळ्या देवळांबाहेरचे स्टँड एकाच ठेकेदाराने घेतले आणि सगळीकडे एकच बिल्ला चालवला तर काय होईल? कोणाचेही नाव न विचारता, अमुक नंबरचा भक्त सोमवारी कुठे होता आणि गुरुवारी कुठे, याची वही त्याच्याकडे आपोआप तयार होईल. थर्ड-पार्टी कुकी ती हीच. हॉस्पिटलच्या पानावर जाहिरात कंपनीचा कोड असतो, वर्तमानपत्राच्या पानावरही त्याच कंपनीचा असतो. दोन्हीकडे तिची कुकी तिलाच परत जाते, म्हणजे मूळ नियम कुठेच मोडत नाही. या कुकीज आपणहून स्वीकारल्या जाऊ नयेत, असे फेब्रुवारी १९९७ च्या इंटरनेट मानकातच सुचवले होते. त्या वेळच्या दोन्ही मोठ्या ब्राउझरांनी ते मानले नाही. माझ्या मते आजच्या सगळ्या दुखण्याचे मूळ तिथे आहे.

आमच्या घरी जे घडले त्यातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट मला उशिरा उमगली. कुकीला माणूस दिसत नाही, फक्त ब्राउझर दिसतो. रात्री लॅपटॉपपुढे मुलगी होती आणि सकाळी आई, हे तिला कळण्याचा मार्गच नव्हता. बिल्ला ज्याच्या हातात, त्याच्यापुढे चपला येणार.

आजारपणाची माहिती अशी बाहेर जाणे हा एखाद्या साइटचा अपवाद नाही. जून २०२२ मध्ये 'द मार्कअप' या अमेरिकी वृत्तसंस्थेने तिथली १०० नामांकित हॉस्पिटले तपासली. त्यांपैकी ३३ हॉस्पिटलांच्या साइटवर अपॉइंटमेंटचे बटण दाबताच फेसबुककडे माहिती जात होती. माहिती पाठवणारा तो कोड 'पिक्सेल' या नावाने ओळखला जातो आणि कुकी त्याची जोडीदार असते. २०२३ च्या फेब्रुवारीत गुडआरएक्स या औषध-सवलतीच्या कंपनीला ग्राहकांच्या आरोग्याची माहिती फेसबुक, गुगल वगैरेंना पुरवल्याबद्दल १५ लाख डॉलर दंड झाला.

'सर्व स्वीकारा'चे बटण मोठे आणि नकाराचे दोन पाने आत, हाही योगायोग नसतो. फ्रान्सच्या 'क्नील' या नियामक संस्थेने जानेवारी २०२२ मध्ये गुगलला १५ कोटी आणि फेसबुकला ६ कोटी युरो दंड केला. कारण एवढेच होते की स्वीकार एका टिचकीत होत होता आणि नकाराला अनेक टिचक्या लागत होत्या. आधीच बरोबरची खूण करून ठेवलेली चौकट म्हणजे संमती नव्हे, असे युरोपीय संघाच्या न्यायालयाने २०१९ मध्येच सांगितले होते.

आपल्याकडे २०२३ चा डिजिटल व्यक्तिगत विदा संरक्षण कायदा आहे. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले आणि कंपन्यांवरची मुख्य बंधने लागू होण्यासाठी १८ महिन्यांची मुदत आहे. संमती मुक्त, नेमकी आणि माहितीपूर्ण असावी, ती देणे जितके सोपे तितकेच मागे घेणेही सोपे असावे, असे हा कायदा म्हणतो. संमतीची सूचना आठव्या परिशिष्टातल्या कोणत्याही भाषेत, म्हणजे मराठीतही, वाचायला मिळण्याचा पर्याय त्यात आहे. तो मागायला हवा. ती पट्टी आईच्या भाषेत आली, तर ती वाचल्याशिवाय बटण दाबणार नाही, हे मी खात्रीने सांगते.

तोवर घरच्या घरी बरेच करता येते. एका लॅपटॉपवर घरातल्या प्रत्येकाचे वेगळे ब्राउझर प्रोफाइल करा. पाच मिनिटे लागतात आणि प्रत्येकाच्या कुकीज वेगळ्या राहतात. फक्त सगळ्या प्रोफाइलमध्ये एकच गुगल खाते टाकू नका; मग जाहिराती खात्यामागून येतात आणि वेगळेपणाचा उपयोग उरत नाही. सफारी २०२० पासून थर्ड-पार्टी कुकीज सरसकट रोखतो आणि फायरफॉक्स २०२२ पासून त्या साइटगणिक वेगळ्या कोंडून ठेवतो. क्रोममधून त्या काढून टाकू, असे गुगलने २०२० मध्ये जाहीर केले, मुदत पुन्हा पुन्हा वाढवली आणि शेवटी बेत सोडून दिला. म्हणून क्रोममध्ये ते काम आपल्यालाच करावे लागते: सेटिंग्ज, मग 'प्रायव्हसी अँड सिक्युरिटी', मग 'थर्ड-पार्टी कुकीज', आणि तिथे त्या बंद. एखादी साइट त्याने अडलीच, तर तेवढ्या साइटपुरती सूट देता येते.

झेरॉक्सच्या दुकानात प्रिंट काढताना दुसऱ्या जातीच्या कुकीपासून जपायचे असते. तिथल्या कॉम्प्युटरवर ईमेल उघडला, प्रिंट घेतली आणि खिडकी बंद करून निघालो, तर लॉगिनची कुकी तिथेच राहते. पुढच्या गिऱ्हाइकाने ईमेलची साइट उघडली की आपला इनबॉक्स त्याच्यासमोर येतो, पासवर्डची गरजच पडत नाही. लॉगआउट केल्याशिवाय खुर्ची सोडू नका. विसरलातच, तर घरी येऊन खात्याच्या सुरक्षा विभागातली 'युअर डिव्हायसेस' ही यादी उघडा. तिथून दूरच्या कॉम्प्युटरवरचे लॉगिन बंद करता येते. यूट्यूब चॅनेल चालवणाऱ्यांनी तर याबाबत फार सावध राहावे. मार्च २०२३ मध्ये 'लायनस टेक टिप्स' हा कॅनडातला मोठा चॅनेल चोरांनी असाच बळकावला. जाहिरात कराराच्या नावाने आलेली फाइल एका कर्मचाऱ्याने उघडली आणि त्याच्या ब्राउझरमधली लॉगिनची कुकीच उचलली गेली. पासवर्ड कोणी विचारलाही नव्हता.

आईची केमो गेल्या महिन्यात संपली. तिच्या नावाचे प्रोफाइल आता लॅपटॉपवर आहे. त्या गुरुवारबद्दल तिने मला एका शब्दाने बोल लावला नाही. पण ती बातमी तिने माझ्या तोंडून ऐकायला हवी होती. तुमच्या घरी कोणाचा रिपोर्ट यायचा असेल, तर त्या आजाराचे नाव शोधण्याआधी इनकॉग्निटो खिडकी उघडा, कुकीच्या पट्टीवर नकार शोधून तोच दाबा, कोणत्याही खात्यात लॉगिन करू नका आणि काम झाले की इनकॉग्निटोच्या सगळ्या खिडक्या बंद करा. त्या बंद केल्यावरच त्यांतल्या कुकीज पुसल्या जातात.