गुहेतला मासा आणि माझी उपमा

साहित्य मंडळाच्या अंकात मासा कुठून आला, असं वाटेल. तो माझ्या एका चुकीतून आला.

एका निबंधात मी लिहिलं होतं, की अंधाराची सवय लागली की गुहेतल्या माशासारखे माणसाचेही डोळे जातात. सुट्टीत हजीऱ्याला घरी गेलो तेव्हा तो आजीला वाचून दाखवला. काचबिंदूने तिची दृष्टी गेली आहे. ती एवढंच म्हणाली, "मला कसली सवय लागली होती रे?" मला उत्तर देता आलं नाही. म्हणून त्या माशाचा अभ्यास केला.

छत्तीसगडमध्ये बस्तरच्या कांगेर खोऱ्यात कोटुमसर गुहा आहे. तिथल्या पाण्यात लोच गटातला एक छोटा मासा राहतो. शास्त्रीय नाव इंडोरिओनेक्टिस एव्हेझार्डी. या जातीचं पहिलं वर्णन फ्रान्सिस डे यांनी १८७२ मध्ये केलं, तेही आपल्या पुण्याच्या माशांवरून! पुण्याकडचा मासा चांगला डोळस. गुहेतल्यांचा रंग मात्र फिका, आणि कित्येकांचे डोळे अगदी बारीक झालेले.

हे सवयीने होत नाही. उघड्या ओढ्यात अधू डोळ्यांचा मासा लवकर मरतो, त्याचा वंश टिकत नाही. मिट्ट काळोखात डोळस आणि अधू सारखेच, त्यामुळे तो बदल पिढ्यानपिढ्या पुढे जातो. शिवाय डोळा पोसायला ऊर्जा लागते. गुहेत अन्न येतं ते मुख्यतः पावसाळी पुरासोबत, म्हणून ही बचत मोलाची. मेक्सिकोतल्या गुहांमधल्या माशाच्या गर्भात तर डोळा तयार व्हायला लागतो आणि मग विरून जातो. पण चव ओळखणाऱ्या कलिका वाढतात.

म्हणजे यात चूक कोणाचीच नाही, शिक्षाही नाही. योहानाच्या शुभवर्तमानातल्या जन्मांधाची गोष्ट आपल्यापैकी अनेकांना ठाऊक आहे. शिष्य तिथे आधी विचारतात, पाप कोणाचं? माझ्या उपमेतही नकळत तोच प्रश्न होता. ती मी खोडली. आपण 'आंधळा', 'डोळे गेले' असं सहज लिहितो. लिहिण्याआधी समोर कोण ऐकतंय ते बघावं, एवढंच सांगायचं होतं.

आजीला फोनवर सगळं समजावलं. तिने नीट ऐकून घेतलं आणि विचारलं, "खायला कसा लागतो?"