वस्तीची जागा आणि नकाशावाचन : कृष्णराजनगरचे उदाहरण

मैसूर संस्थानच्या जुन्या नोंदींमध्ये कृष्णराजनगर हे नाव शोधू गेल्यास सापडत नाही. तेथे आढळते ते एडतोरे हे कावेरीकाठचे तालुक्याचे गाव. आजच्या नकाशावर मात्र तालुक्याचे ठिकाण म्हणून कृष्णराजनगर ठळक अक्षरांत छापलेले असते. मानवी भूगोल शिकणाऱ्या विद्यार्थ्याने येथे थांबावयास हवे, कारण या प्रसंगी केवळ नाव बदलले नव्हते, तर गावच उठून दुसरीकडे गेले होते.

प्रथम हे ठिकाण नकाशावर निश्चित करू. कृष्णराजनगर, कृष्णराजसागर आणि कृष्णराजपेटे ही तीन नावे एकमेकांपासून फारशा दूर नसलेल्या स्थळांची आहेत आणि तिन्हींचे संक्षिप्त रूप 'के. आर.' या अक्षरांनीच सुरू होते. केवळ नावावर विसंबणारा वाचक येथे हमखास चुकतो. अक्षांश व रेखांश यांना मात्र नावांचा असा घोळ बाधत नाही. कृष्णराजनगर सुमारे १२° २६′ उत्तर अक्षांश व ७६° २३′ पूर्व रेखांशावर, मैसूर शहराच्या वायव्येस आहे.

एवढ्या माहितीवरून भारतीय सर्वेक्षण विभागाच्या स्थळदर्शक नकाशाचा क्रमांक विद्यार्थ्याला स्वतः काढता येतो. जुन्या पद्धतीत ५७ क्रमांकाचे पत्रक १२° ते १६° उत्तर व ७६° ते ८०° पूर्व हा प्रदेश दाखविते. त्याचे एकेका अंशाचे १६ भाग पश्चिमेकडील स्तंभापासून, वरून खाली, 'ए' ते 'पी' या अक्षरांनी ओळखले जातात. पहिल्या स्तंभातील सर्वांत खालचा भाग 'डी' होय. त्याचे पुन्हा १५ मिनिटांचे १६ चौकोन याच क्रमाने पाडले, की कृष्णराजनगर दुसऱ्या स्तंभात वरून तिसऱ्या चौकोनात, म्हणजे ५७ डी/७ मध्ये येते. शेजारच्या स्तंभातील ११ क्रमांकाच्या चौकोनात मैसूर शहर आहे. २००५ च्या राष्ट्रीय नकाशा धोरणानंतर नागरी वापरासाठी काढलेल्या मालिकेत क्रमांकांची पद्धती बदलली असली, तरी अभ्यासग्रंथांतून व अहवालांतून जुने क्रमांक वारंवार भेटतात.

जागा आणि सापेक्ष स्थान

वस्तीचा अभ्यास करताना दोन गोष्टी वेगळ्या ठेवाव्या लागतात. गाव ज्या भूमीवर प्रत्यक्ष उभे आहे, तिचा चढउतार, माती, पाणी व पुरापासूनचे अंतर म्हणजे वस्तीची जागा. आसपासची गावे, बाजारपेठा, रस्ते व नद्या यांच्या संदर्भात त्या गावाचे जे स्थान ठरते, ते सापेक्ष स्थान. पाठ्यपुस्तकातील व्याख्येत हा भेद पुस्तकी वाटतो. एडतोरेच्या इतिहासात तो जिवंत होतो.

कन्नडमध्ये 'एड' म्हणजे डावा आणि 'तोरे' म्हणजे प्रवाह. नदीचे वळण गावाच्या नावातच सामावलेले आहे. पाणी, सुपीक गाळ आणि काठावरील अर्केश्वराचे मंदिर ही या जागेची बलस्थाने होती. परंतु गाळ आणणारी नदीच पूरही आणते. १९२४ च्या जुलैमधील कावेरीचा महापूर दक्षिण भारतातील मोठ्या पुरांपैकी एक मानला जातो. त्या काळात पुराचा तडाखा बसलेल्या एडतोरेला पर्याय म्हणून १९२५ ते १९३० च्या सुमारास नदीपासून काही अंतरावर नवे नगर वसविण्यात आले आणि त्याला तत्कालीन महाराजा चौथे कृष्णराज वडियार यांचे नाव देण्यात आले.

या स्थलांतरात जागा बदलली, सापेक्ष स्थान जवळजवळ तेच राहिले. वरच्या अंगाला चुंचनकट्टे धबधबा, खालच्या अंगाला कृष्णराजसागर जलाशय, मैसूरकडून अर्सिकेरेकडे जाणारा लोहमार्ग आणि भोवतालची भातशेती यांच्याशी असलेले नाते तुटले नाही. म्हणूनच नवे नगर तालुक्याचे केंद्र म्हणून टिकले. महाराष्ट्रातही ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर ५२ गावे नव्या जागी वसविण्यात आली. नव्या जागेची निवड करताना शेतापासूनचे अंतर हा प्रश्न तेथे किती महत्त्वाचा ठरला असेल, याची कल्पना शेतकरी कुटुंबातील विद्यार्थ्याला सहज करता येईल. जुनी एडतोरे आज 'हळे एडतोरे', म्हणजे जुने एडतोरे, या नावाने ओळखली जाते. मंदिर मात्र नदीकाठीच आहे. देवस्थाने घरांइतक्या सहजतेने हलत नाहीत.

कालवा आणि समोच्चरेषा

कृष्णराजनगर परिसराला भाताचे कोठार म्हटले जाते. त्याचे कारण नकाशावर निळ्या रेषांत दिसते. कावेरीवर बंधारे घालून काढलेले चामराज, मिर्ले यांसारखे जुने कालवे या भागातून वाहतात. कालव्यातील पाणी केवळ उताराने पुढे जात असल्यामुळे कालव्याची रेषा समोच्चरेषेला जवळजवळ समांतर, अतिशय मंद उताराने नागमोडी जाते. नदी मात्र समोच्चरेषांना छेदत उतरते. निळी रेषा नदीची की कालव्याची, हे ओळखण्याची ही सोपी खूण आहे.

कालवा आणि नदी यांच्यामधील सखल पट्टा ओलिताचा, तर कालव्याच्या वरच्या अंगाची जमीन पावसावर किंवा तळ्यांवर अवलंबून. एकाच गावातील दोन शेतकऱ्यांच्या उत्पन्नातील अंतर पुष्कळदा या एका रेषेने ठरते. शेतजमिनीसाठी नकाशात पिवळा रंग वापरला जातो. परंतु तो रंग जिरायत व बागायत हा भेद सांगत नाही. तो कालव्याच्या मार्गावरून वाचकालाच ताडावा लागतो.

डावा तीर व उजवा तीर यांबाबतही विद्यार्थी नेहमी गोंधळतात. नदी ज्या दिशेला वाहते त्या दिशेला तोंड करून उभे राहिल्यास डाव्या हाताचा तो डावा तीर. नकाशाच्या डाव्या-उजव्या बाजूशी त्याचा संबंध नाही. एडतोरे कोणत्या तीरावर आहे, हे नकाशा उघडून प्रत्येकाने स्वतः ठरवावे.

खालच्या अंगाला असलेल्या कृष्णराजसागर धरणाचे काम १९११ मध्ये सुरू झाले. त्याच्याशी ज्यांचे नाव जोडले गेले ते मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या पुण्याच्या विज्ञान महाविद्यालयात शिकले होते आणि खडकवासल्याच्या स्वयंचलित दरवाजांमुळे महाराष्ट्राला परिचित आहेत. जलाशयात कन्नंबाडी हे गाव बुडाले. स्थळदर्शक नकाशांच्या चिन्हसूचीत वसलेल्या गावासाठी एक खूण असते आणि ओसाड गावासाठी वेगळी. पाण्याखाली गेलेल्या गावासाठी मात्र फक्त निळा रंग उरतो. तेथे कोण राहत होते, हे जाणण्यासाठी जुन्या आवृत्तीचा नकाशा शेजारी ठेवावा लागतो.

सीमांचेही तसेच आहे. कृष्णराजनगर तालुक्यातून अलीकडे साळीग्राम हा वेगळा तालुका करण्यात आला. २०११ च्या जनगणनेतील तालुक्याचे आकडे अविभक्त तालुक्याचे आहेत. ते आजच्या सीमांच्या क्षेत्रफळाने भागून लोकसंख्येची घनता काढल्यास उत्तर चुकेल, गणित कितीही बरोबर असले तरी.

प्रमाणाचा प्रश्न

१ : ५०,००० प्रमाणाच्या नकाशावर २ सेंटिमीटर म्हणजे जमिनीवरील १ किलोमीटर, आणि दोन समोच्चरेषांमधील अंतर सामान्यतः २० मीटर असते. चुंचनकट्टे येथील धबधब्याची उंचीही सुमारे २० मीटरच आहे. म्हणजे कावेरी जेथे कोसळते, तेथेही अशा नकाशावर एखादीच समोच्चरेषा नदीला ओलांडताना दिसेल. मग नदीपासून तीन-चार मीटर उंच असलेले घर आणि पाण्याच्या पातळीला असलेले घर यांतील भेद त्या नकाशावर दिसणार कसा? पुराच्या वेळी तर हाच भेद जीवनमरणाचा असतो.

त्यासाठी मोठ्या प्रमाणाचे नकाशे व बारकाईने मोजलेली स्थळउंची लागते. महाराष्ट्रात नद्यांच्या काठी जलसंपदा विभाग निळी व लाल अशा दोन पूररेषा आखतो. सरासरी २५ वर्षांत एकदा येऊ शकणाऱ्या पुराची मर्यादा निळी रेषा, तर १०० वर्षांत एकदा येऊ शकणाऱ्या पुराची मर्यादा लाल रेषा दाखविते. '१०० वर्षांत एकदा' याचा अर्थ एक पूर येऊन गेला की पुढील शंभर वर्षे निर्धास्त, असा नाही. कोणत्याही एका वर्षी तेवढा पूर येण्याची शक्यता एक टक्का असते. सांगली व कोल्हापूर परिसराने २००५, २०१९ आणि २०२१ असे तीन मोठे पूर सोळा वर्षांत अनुभवले आहेत.

विद्यार्थ्यांनी आपल्या गावाचा स्थळदर्शक नकाशा मिळवून नदी किंवा ओढ्याची दिशा, कालवा, गावठाण आणि नवी वसाहत त्यावर शोधावी. त्यानंतर गावातील वयोवृद्धांना विचारून आजवरच्या सर्वांत मोठ्या पुराचे पाणी कोणत्या पायरीपर्यंत, कोणत्या पारापर्यंत आले होते, ती ठिकाणे पेन्सिलीने जोडून पाहावीत. नवी घरे त्या रेषेच्या कोणत्या बाजूस उभी आहेत, हे मग मोजता येईल.