कुत्रा लहान, विष तेवढंच

भातकापणीत पोलादपूरकडे भाऱ्याखालून घोणस निघणं नवं नाही. माणूस आधी काठीने चाचपतो, कुत्रा थेट नाक खुपसतो. आमच्या मोत्यालाही चावा तोंडावरच बसला. बघता बघता थोबाड सुजलं, हिरड्यांतून रक्त यायला लागलं. वाडीत सल्ल्यांना तोटा नव्हता: दोरी आवळा, ब्लेडने चीर द्या. यातलं काही करू नका. घोणशीच्या विषाने रक्त गोठेनासं होतं, मग चिरेतून वाहणारं थांबवणार कोण? घरातली दुखण्याची गोळीही नको. आयबुप्रोफेन कुत्र्याला घातक, आणि पॅरासिटामॉलची एक गोळी मांजराचा जीव घेऊ शकते.

त्याला चालू न देता उचलून महाडला नेलं. डॉक्टरांनी काचेच्या कोरड्या नळीत रक्त घेऊन २० मिनिटं न हलवता ठेवलं. गोठलं नाही. मग एएसव्ही, म्हणजे सापाच्या विषावरचं प्रतिविष, सलाईनमधून सुरू केलं. घोड्याला थोडं थोडं विष टोचून त्याच्या रक्तात तयार झालेली प्रतिपिंडं या बाटलीत असतात. पशुवैद्य वापरतात ती माणसांचीच बाटली.

बरोबर आलेले पाव्हणे म्हणाले, "कुत्र्याला अर्धी पुरे की!" इथेच लोक फसतात. डोस ठरतो तो सापाने किती विष सोडलं त्यावर, जनावराच्या वजनावर नाही. १० मिलिलिटरची बाटली घोणशीचं सुमारे ६ मिलिग्रॅम विष मारते, मग समोर बैल असो वा मांजर. खर्चाचा विचार जरूर करा, पण वजनाचा हिशेब लावून नको. शिवाय ही प्रतिपिंडं रक्तात फिरणारं विष पकडतात, बिघडलेलं मूत्रपिंड दुरुस्त करत नाहीत. म्हणून उशीर महाग पडतो.

बाटली नाग, मण्यार, घोणस, फुरसं या चौघांपुरतीच. घाटातल्या चापडा सापाला ती लागू नाही. विंचवालाही नाही. डॉ. हिंमतराव आणि डॉ. प्रमोदिनी बावस्करांनी महाडातून २०११ साली 'बीएमजे' या वैद्यकीय नियतकालिकात दाखवलं की प्राझोसिन या औषधाच्या जोडीला प्रतिविष दिलं तर विंचूदंशाचे रुग्ण लवकर सावरतात, पण ते प्रतिविष विंचवाचंच.

घोड्याची प्रथिनं काहींना सोसत नाहीत: गांधी, उलटी, धाप. त्यामुळे अ‍ॅड्रेनॅलिन हाताशी असलेल्या दवाखान्यातच हे औषध घ्या. गोठ्यात कुणाकडून टोचून घेऊ नका. साठा आहे का, हे कापणीआधीच फोन करून विचारा. घरी आणल्यावरही काही दिवस लघवीवर नजर ठेवा. लाल झाली किंवा कमी झाली, तर लगेच परत न्या.