पत्रावळीचे पुनरागमन

मुंबईला पाणी पुरविणारे तानसा व भातसा हे जलाशय शहापूर तालुक्यात आहेत. महामार्गालगतची उपाहारगृहे, मुरबाड तालुक्यातील म्हसा येथील यात्रा अशा ठिकाणी वापरलेल्या ताटल्या उघड्यावर टाकल्यास पावसात त्या ओढ्या-नाल्यांत वाहून जातात.

राज्यात २०१८ पासून प्लॅस्टिक व थर्माकोलच्या ताटल्यांवर बंदी आहे. परंतु प्लॅस्टिकचा थर दिलेली कागदी ताटलीही पूर्णपणे कुजत नाही. पळसाच्या पानांची, काड्यांनी टाचलेली पत्रावळ मात्र मातीत मिसळून जाते. गौण वनोपज गोळा करून विकण्याचा हक्क २००६ च्या वनहक्क कायद्याने आदिवासींना दिला आहे. पत्रावळीला मागणी वाढल्यास त्यांना रोजगारही मिळेल.

ग्रामपंचायतींनी समारंभांसाठी स्टीलची ताटे ठेवावीत; ती अपुरी पडतील तेथे पत्रावळ वापरावी. पाने खुडताना झाड ओके होणार नाही, एवढी दक्षता मात्र घ्यावी.