तिसरी पिन

पनवेलच्या बहुतेक घरांतून तांब्याचा बंब गेला आणि न्हाणीघरात विजेचा गीझर आला. बंबातील विस्तव डोळ्यांना दिसे. गीझरातील धोका दिसत नाही. उच्च प्राथमिक वर्गांत हा पाठ अवश्य घ्यावा.

2000 वॅटचा गीझर 230 व्होल्टवर सुमारे 9 अँपिअर प्रवाह घेतो. त्यास 6 अँपिअरचे सॉकेट चालत नाही. 16 अँपिअरचे हवे. प्लगची जाड पिन भूसंपर्काची होय. ती प्रथम जोडली जावी व शेवटी सुटावी, म्हणून अधिक लांब असते. आतील वीज पत्र्यात उतरली, तर ती हिरव्या तारेने जमिनीत जाते. ही वाट नसेल तर ओल्या अंगातून जाते. जुन्या घरांत ही तार कित्येकदा सॉकेटपर्यंत पोचलेलीच नसते. प्लग मात्र तीन पिनांचा!

फ्यूज आहे, मग भय कसले, हा समज सुशिक्षितांतही आढळतो. फ्यूज तारांचे रक्षण करतो, माणसाचे नव्हे. 16 अँपिअरच्या शतांशाहून कमी प्रवाह छातीतून गेला तरी हृदय बंद पडू शकते. यास्तव मुख्य फलकावर 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी असावा. जाणारा व परतणारा प्रवाह तो ताडून पाहतो आणि तफावत पडताच वीज तोडतो.

शिक्षकबंधुभगिनींनी वर्गात सुटा प्लग दाखवावा. मुलांनी घरी काहीही उघडू नये. आरसीसीबीवर चाचणीचे बटण आहे काय, एवढेच दुरून पाहून यावे. ते वडीलधाऱ्यांनी दरमहा दाबावयाचे असते. खटका पडला नाही तर परवानाधारक वायरमन येईपर्यंत गीझर बंद ठेवावा.